गाडी जिंकली की चालवणारा?

मुरबाड-शहापूरकडच्या शर्यतशौकिनांना हा वाद नवा नाही. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, बैलबाजारात खोंडाचे दात बघता बघता गप्पा शर्यतीवर येतात: पळाले ते बैल, की हाकणाऱ्याचा हात? त्यात २०१४च्या बंदीनंतर थेट डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली. मग आधीचे आणि आताचे गाडीवान एका मापाने कसे मोजणार?

फॉर्म्युला वनमध्येही हाच पेच आहे. २०२४ अखेर हॅमिल्टनचे विजय १०५, फांजिओचे फक्त २४. पण फांजिओ धावलाच ५१ शर्यती! जिम क्लार्कचे ७२ पैकी २५. तेव्हा वर्षाला सात-आठ, फार तर दहा-अकरा शर्यती व्हायच्या, २०२४ला २४ झाल्या. नुसती बेरीज फसवी आहे.

खरं माप म्हणजे तीच गाडी चालवणारा संघातला जोडीदार. १९८८ला मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती मारल्या. संघातल्या सेनाने ८, जोडीदार प्रोस्टने ७. पोल (सर्वांत वेगवान पात्रता फेरीने मिळणारी सुरुवातीची पहिली जागा) मात्र सेनाच्या १३, प्रोस्टच्या २. एका फेरीत सेनाला तोड नव्हती.

तरी माझा पहिला नंबर फांजिओलाच. न्युरबर्गरिंगची शर्यत, १९५७. वय ४६, सीटबेल्ट नाही. टायर-इंधनाच्या थांब्यानंतर तो दोन फेरारींच्या पाऊण मिनिट मागे पडला. मग फेरीमागून फेरी विक्रम मोडत त्याने शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही गाठलं, शर्यत जिंकली आणि पाचवं जगज्जेतेपद तिथेच पक्कं केलं.