विस्मृतीचें मूळ आणि औषधांची धांव

घरांतील वृद्धानें जेवून उठल्यावर पुन्हां पान मांडावयास सांगितलें, कीं आपण 'म्हातारचळ लागला' असें म्हणून मोकळे होतों. परंतु हा पुष्कळदां वयाचा दोष नसून मेंदूचा रोग असतो. १९०६ सालीं जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनीं आउगुस्टे डेटर नांवाच्या मृत रुग्णेच्या मेंदूंत दोन विकृति दाखविल्या: पेशींच्या बाहेर बसलेला साका आणि पेशींच्या आंत झालेला तंतूंचा गुंता. पुढें या रोगास त्यांचेंच नांव मिळालें.

मेंदूच्या पेशी ज्या द्रव्यांच्या द्वारें परस्परांस निरोप धाडतात, त्यांपैकीं ॲसिटिलकोलीन हें या रोगांत कमी पडतें. १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें डोनेपेझिल तें लवकर नष्ट होऊं देत नाहीं. त्यामुळें कित्येकांचें स्मरण कांहीं काळ सांवरतें. पेशींचा नाश मात्र थांबत नाहीं. गळक्या छपराखालीं पातेलें ठेवावें, तसा हा उपाय.

मग कौलेंच कां शाकारूं नयेत? लेकानेमॅब हें औषध तो अमायलॉइडचा साकाच काढूं लागतें. १,७९५ रुग्णांवरील १८ महिन्यांच्या प्रयोगांत त्यानें ऱ्हास २७ टक्के मंदावला, व २०२३ सालीं त्यास अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळाली. परंतु १८ गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहूनहि कमी होता. गेलेली स्मृति परतली नाहीं. कांहींच्या मेंदूस सूज आली, कांहींच्या मेंदूंत रक्त झिरपलें. शिवाय हें औषध केवळ रोगाच्या आरंभींच द्यावयाचें. साका निघूनहि ऱ्हास चालूच राहतो, तेव्हां तेंच एकमेव मूळ कसें म्हणावें? लक्षणें दिसण्यापूर्वीं दहा-पंधरा वर्षें तो सांचत असतो. बंब पोंचेपर्यंत आग घरभर पसरलेली असते.

म्हणून 'मुळावर घाव' या शब्दांस भुलून कोणीं दागिने गहाण टाकूं नयेत, आणि साध्या गोळीस 'वरवरची' म्हणून हिणवूंहि नये. आईनें कांहीं महिने अधिक आपणांस नांवानें हाक मारली, तर तो लाभ थोडा नव्हे. मात्र त्याआधीं रक्ताची तपासणी अवश्य करवावी. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइड ग्रंथीची मंदता यांनींहि विस्मृति जडते, आणि तेथें मुळावरचें औषध खरोखरच हातीं आहे. 'म्हातारचळ' म्हणून स्वस्थ बसणाऱ्या घरांत नेमका हाच बरा होणारा रोगी दुर्लक्षिला जातो.