राखीव छत्री केवढी असावी?

शनिवारी पहाटे पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेली तरुण मंडळी कल्याण-कर्जतमार्गे जाणाऱ्या गाडीत कधीकधी दिसतात. लोणावळ्याला उतरून ती पुण्याची लोकल धरतात आणि कामशेतला जातात. तेथील टेकड्यांवरून पावसाळा सोडून इतर महिन्यांत पॅराग्लायडिंग चालते. मुलुंडला राहणारा माझा एक माजी विद्यार्थीही त्यांतलाच. एकदा तो घरी आला आणि म्हणाला, ‘‘सर, मित्राची राखीव छत्री स्वस्तात मिळतेय. तिच्यावर कमाल भार ८५ किलो लिहिलंय. माझं वजन ८४ आहे. घेऊ ना?’’

उत्तर देण्याआधी ही छत्री कशासाठी असते ते पाहू. पॅराग्लायडरचा पंख म्हणजे हवेच्या दाबाने फुगलेले कापड. खवळलेल्या हवेत तो मिटला आणि पुन्हा उघडला नाही, तर वैमानिक बैठकीतील मूठ ओढून राखीव छत्री हाताने बाहेर फेकतो. ती उघडते आणि त्याला खाली आणते.

उघडलेल्या छत्रीवर दोन बले काम करतात. वजन खाली खेचते, तर हवेचा रोध वर ढकलतो. रोध हा छत्रीचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही बले समान झाली की वेग वाढायचा थांबतो. म्हणून त्याच छत्रीला चौपट वजन टांगले तर वेग दुप्पट होतो, चौपट नव्हे.

हे वर्गात सहज दाखवता येते. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीतून ४० सेंटिमीटर बाजूचा चौरस कापा. चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे दोरे बांधा आणि खाली लोखंडी वॉशर अडकवा. पिशवीसह एकूण वजन प्रथम १० ग्रॅम ठेवा, नंतर ४० ग्रॅम करा. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याआडून छत्री सोडा आणि खाली उभ्या मुलांना वेळ मोजू द्या. दुसऱ्या वेळी लागणारा वेळ जवळजवळ निम्मा भरेल. छत्री फार झोके घेऊ लागली तर मधोमध लहान भोक पाडा. १७९७ साली पॅरिसमध्ये गार्नरँ याने फुग्यातून छत्रीने उडी घेतली, तेव्हा त्याच्या छत्रीला असे भोक नव्हते. खाली येताना तो भयंकर हेलकावत होता.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. युरोपीय मानकानुसार राखीव छत्रीने कमाल भार असताना सेकंदाला जास्तीत जास्त ५.५ मीटर वेगाने उतरावे. हा वेग म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीवरून, एकावर एक ठेवलेल्या दोन टेबलांवरून, उडी मारण्यासारखा आहे. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून उतरल्यास तो बहुधा सोसतो.

पण भार म्हणजे केवळ माणसाचे वजन नव्हे. मी त्याला सर्व सामान घेऊन शाळेतील वजनकाट्यावर उभे केले. पंख, बैठक, राखीव छत्री, शिरस्त्राण, बूट, पाण्याची बाटली असे सारे धरून काटा १०२ किलोवर गेला! म्हणजे ८५ च्या छत्रीवर २० टक्के जादा भार. वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढून ६ मीटर होतो. हे किरकोळ वाटेल, पण जमिनीवर आदळताना महत्त्वाची असते ती ऊर्जा. वस्तुमान २० टक्के जास्त, वेगाचा वर्गही २० टक्के जास्त. म्हणून ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते.

शिवाय ५.५ मीटर हा आकडा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेसाठी आहे. मावळ सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथे ३० अंश तापमानाला हवा सुमारे ११ टक्के विरळ असते, त्यामुळे वेग आणखी ६ टक्क्यांनी वाढतो. सगळा हिशोब केल्यावर उडीची उंची दोन मीटरांपेक्षा थोडी जास्त निघाली, म्हणजे वर्गाच्या दाराच्या चौकटीवरून मारलेली उडी. आणि खाली गादी नव्हे, कातळ!

‘‘मग दोघांसाठी असते ती २०० किलोचीच घेतो,’’ तो म्हणाला. गणिताने तिचा वेग ३.९ मीटर येतो. पण कापड जास्त असल्याने ती भरायला जास्त वेळ घेते आणि जमीन जवळ असेल तर तेवढा वेळच नसतो. कमी भाराची छत्री झोके जास्त घेते आणि संथ उतरत असल्याने वाऱ्याबरोबर दूर वाहते. तिची घडी त्याच्या बैठकीच्या कप्प्यात घट्ट बसली, तर ऐन वेळी बाहेरच निघणार नाही.

म्हणून नियम असा : सगळ्या सामानासह वजन करावे आणि ते कमाल भाराच्या आत, पण फार खाली नाही, असे बसवावे. उंच ठिकाणी उडायचे असल्यास थोडी अधिक सवलत ठेवावी. १०२ किलोसाठी ११५-१२० किलोची छत्री योग्य. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात दमट झालेली छत्री हंगामापूर्वी जाणकाराकडून वाळवून पुन्हा घडी घालून घ्यावी, हेही त्याला सांगितले.

मित्राची छत्री त्याने घेतली नाही. आपल्या वर्गात हा प्रश्न जरूर विचारा : ८५ ची छत्री ८४ किलोच्या मुलाला का पुरत नाही? उत्तर देताना मुले काय काय तोलायचे विसरतात, ते पाहण्यासारखे असते.