म्हशीच्या दावणीत किती पाणी?

झाशीला वर्षाकाठी साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरकराला हेवा वाटावा इतका. तरी बुंदेलखंडाच्या नशिबी दुष्काळ आहेच. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो, मातीचा थर पातळ आणि खाली ग्रॅनाइटचा कठीण खडक. पाण्याला मुरायला जागा थोडी, उतारावरून पळायला भरपूर. अशा मुलखात पडलेल्या पाण्यातून किती धान्य, किती वैरण आणि किती दूध निघाले, हा हिशेब महत्त्वाचा. त्यातला जनावरांचा रकाना आपण बहुधा कोराच ठेवतो.

दुभती म्हैस दिवसाला पन्नासेक लिटर पाणी पिते, म्हणून तिला पाण्याची उधळी ठरवणे सोपे आहे. खरा खर्च वैरणीत असतो: एक किलो कोरडा चारा वाढताना काही शे लिटर पाणी वाफ होऊन जाते. पण गव्हाचा आणि हरभऱ्याचा भुसा दाण्यासाठी दिलेल्या पाण्यातच तयार होतो. तो जनावराच्या पोटात गेला, तर त्याच पाण्याची दुसऱ्यांदा कमाई होते. नुसत्या भुशावर मात्र दूध वाढत नाही. जोडीला हिरवी वैरण हवी. बांधावर गिनी गवत लावले, तर त्यासाठी वेगळे शेत मोडावे लागत नाही. १९६२ पासून खास चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था झाशीतच आहे. आणि त्याच झाशीत ‘अन्ना प्रथा’ही आहे: रब्बी निघाली की जनावरे मोकाट सोडायची. ती पुढच्या हंगामातही मोकाट राहून उभ्या पिकात शिरली की त्या पिकाने प्यायलेले पाणीही वाया जाते. भाकड गाय पोसणे परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. पण मोकाट सोडल्याने तिचा खर्च टळत नाही, तो शेजाऱ्याच्या शेतावर पडतो.

पाणी अडवण्याची जुनी युक्तीही इथलीच. ‘हवेली’ म्हणताच आपल्याला वाडा आठवेल किंवा पुण्याचा तालुका. बुंदेलखंडातली हवेली म्हणजे ओघळीला आडवा बांध घालून पावसाळाभर भरून ठेवलेले शेत. ऑक्टोबरच्या सुमारास पाणी सोडून त्याच ओलीवर रब्बी पेरतात आणि खालच्या विहिरींना पाझर मिळतो. झाशी जिल्ह्याच्या बबीना विकासखंडातल्या परासई-सिंध पाणलोटात, सुमारे १,२५० हेक्टरांवर, झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आणि ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी २०११ नंतर फुटकी हवेली दुरुस्त केली, बंधारे बांधले. विहिरींची पातळी २ ते ५ मीटरने वाढली.

हवेलीच्या शेतात खरीप बुडतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणून बांध ज्याच्या शेतात, त्याला खालच्या विहिरवाल्यांनी काही भरपाई द्यायला हवी. वर अडवलेले पाणी खालच्या गावाला कमी पडते, हाही आक्षेप उडवून लावता येत नाही. भरपूर पावसाच्या वर्षी तो बोचत नाही, कोरड्या वर्षी बोचतो. सर्वांत मोठा धोका मात्र यशातच आहे. विहीर भरली की पंप वाढतात, गव्हाचे क्षेत्र वाढते आणि खडकातला तुटपुंजा साठा पुन्हा आटतो. वाढलेल्या पाण्यातला पहिला वाटा हरभरा, मोहरी आणि थोड्या हिरव्या वैरणीला द्यावा, गव्हाला उरलेला. परासईसारख्या गावांना माझ्या मते हेच परवडेल.