लांबच्या मोटारप्रवासांतील चुका

कोल्हापूर जिल्ह्यांतील हुपरी हें गांव चांदीच्या दागिन्यांकरितां देशभर ठाऊक आहे. पैंजण, तोडे, वाळे, करदोटे, जोडवीं असा माल येथें घरोघर तयार होतो. एका घरीं आटणी होते, दुसऱ्या घरीं तार ओढली जाते, तिसऱ्या घरच्या बायका कड्या जुळवीत बसतात. पण इतका माल गांवांत कोठला खपायला! तो परप्रांतीच्या पेढ्यांवर पोंचवावा लागतो, आणि त्यामुळें लांबचा प्रवास हा या धंद्याचा जणूं अर्धा भागच होऊन बसला आहे. आतां हा प्रवास पुष्कळदां स्वतःच्या मोटारीनें होतो. अशा प्रवासांत ज्या चुका घडतात त्याच चुका सुटींत गोव्यास किंवा पंढरपुरास निघालेल्या शहरी कुटुंबांकडूनही घडतात. फरक इतकाच कीं, व्यापाऱ्याच्या गाडींत चांदीची पेटी असते आणि कुटुंबाच्या गाडींत मुलेंबाळें असतात.

पहिली चूक गाडी सुरू होण्यापूर्वींच, कागदावर होते. कोल्हापुराहून पुणें सुमारें २३० किलोमीटर. ताशीं ८० चा वेग धरला तर तीन तास. म्हणजे पहांटे निघून न्याहरी पुण्यास! हा हिशेब करणारा टोलनाका, ट्रकांची रांग, रस्त्याचें चाललेलें काम, चहा आणि लघुशंका यांना शून्य किंमत देतो. मग वाटेंत उशीर झाला कीं तो उशीर भरून काढण्याची घाई सुरू होते, आणि पुढच्या बहुतेक चुका या घाईच्या पोटीं जन्मतात. अनुभवी ड्रायव्हर गणितानें आलेल्या वेळेंत तिचा तिसरा हिस्सा मिळवतो आणि दर दोन तासांनीं थांबतो.

यापेक्षां कितीतरी घातक चूक म्हणजे रात्रभर गाडी हांकणें. हुपरीच्या व्यापाऱ्यास हा मोह विशेष असतो, आणि त्याचें कारण समजण्यासारखें आहे. जवळ चांदी असतां अनोळखी लॉजमध्यें उतरावें कसें? पेटी खोलींत ठेवून जेवावयास जावें कसें? त्यापेक्षां न थांबतां रातोरात पोंचलेलें बरें, असें त्याला वाटतें. चोराचें भय डोळ्यांपुढें दिसतें. झोपेचें भय दिसत नाहीं. पण मनुष्याच्या शरीरांत जें घड्याळ आहे तें रात्रीं दोनपासून पांचपर्यंत झोपेची ओढ सर्वांत प्रबळ करतें. त्या वेळीं डोळे मिटतात ते मिनिटभर नव्हे, चारदोन सेकंदच. आणि झोंप लागली होती हें पुष्कळदां त्या मनुष्यास कळतही नाहीं. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ २८ मीटर पुढें जाते. म्हणजे चार सेकंदांच्या डुलकींत शंभर मीटरांहून अधिक रस्ता कोणीही न पाहतां मागें पडतो.

यावरचे लोकांचे उपाय मोठे गमतीचे असतात. कोणी कांच खालीं करतो, कोणी मोठ्यानें गाणीं लावतो, कोणी तंबाखूची चिमूट धरतो. यांनीं चार मिनिटें हुशारी वाटते, झोंप जात नाहीं. चहा-कॉफीचा गुण खरा आहे, परंतु तो अंगांत भिनावयास सुमारें अर्धा तास लागतो. म्हणून शहाणा मनुष्य सुरक्षित, उजेडाच्या जागीं गाडी उभी करून कॉफी घेतो आणि लगेच वीस मिनिटें डोळे मिटतो. तो उठतो तेव्हां कॉफी कामास लागलेली असते. तथापि हा उपाय तात्पुरता. खरा उपाय म्हणजे दुसरा ड्रायव्हर बरोबर असणें, किंवा ओळखीच्या पेढीवर मुक्काम आधींच ठरविणें. चांदीच्या एका खेपेच्या किंमतीपुढें दुसऱ्या ड्रायव्हरची मजुरी म्हणजे कांहींच नव्हे.

रात्रीच्या प्रवासाला या भागांत आणखी एक धोका आहे, आणि परगांवच्या पाहुण्यास त्याची कल्पना नसते. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला कीं हुपरी, कागल, इचलकरंजी या साऱ्या टापूंतील रस्त्यांवर उंसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालूं लागतात. एकामागें जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोहों बाजूंनीं बाहेर आलेला ऊंस आणि मागें बहुधा एकही दिवा नाहीं! समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतानें डोळे दिपले असतां अशी ट्रॉली अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं. ताशीं १०० च्या वेगानें जाणाऱ्यास अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच चाळीस मीटर निघून जातात. गाडी थांबावयास लागणारें अंतर त्याच्या पुढचें. दिव्याचा उजेड जेथपर्यंत पोंचतो तेवढ्या अंतरांत जिला थांबतां येत नाहीं ती गाडी आंधळीच म्हणावयाची.

घाटांतील चूक निराळ्या जातीची आहे. ती आळसानें होत नाहीं, काटकसरीनें होते. उतार लागला कीं गिअर काढून गाडी सोडून द्यावी, म्हणजे तेल वांचतें, अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. गाडी गिअरमध्यें असली म्हणजे इंजिन तिला मागें ओढून धरतें. गिअर काढला कीं सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ब्रेक हें वेगाचें उष्णतेंत रूपांतर करणारें यंत्र आहे. तें सतत दाबून धरलें तर तापतें, त्याची पकड ढिली होते, आणि ब्रेकच्या तेलांत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली तर पायाखालचें पेडल सरळ तळाला जातें. त्यांतून इंजिन बंद केलें तर ब्रेकला मिळणारें यांत्रिक बळही लवकरच संपतें. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं पुण्याजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका अवजड मालवाहू वाहनानें चाळीसांहून अधिक गाड्यांना धडक दिली. ब्रेक निकामी झाला असावा, असें प्रथम वाटलें. पुढें तपासांत, डिझेल वांचविण्याकरितां उतारावर इंजिनच बंद केलें होतें, अशी माहिती बाहेर आली. हुपरीहून पुण्यास जाणाऱ्या बहुतेक गाड्या याच उतारावरून जातात. गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली या मार्गें कोंकणांत उतरणाऱ्यांनीं तर ही गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. ज्या गिअरांत घाट चढावा लागेल त्याच गिअरांत तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा ठोकताळा अजूनही खोटा ठरलेला नाहीं.

टायरांविषयीं थोडक्यांत. हवा कमी असलेला टायर फिरतांना सारखा दबतो आणि फुगतो, त्यानें तापतो, आणि उन्हाळ्यांत सिमेंटच्या रस्त्यावर फुटतो. हवा पाहावयाची ती गाडी थंड असतांना, निघण्यापूर्वीं. वीस कोस धांवल्यावर पाहिलेला आंकडा फसवा असतो. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारें होतें, हें या आंकड्यांवरून कळतें.

आतां पेटीविषयीं. चांदी पाण्याच्या सुमारें साडेदहापट जड आहे. म्हणून जेवणाच्या डब्याएवढी पेटीही उचलतांना दम काढते. अशी पेटी कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून मागच्या बैठकीवर शालीखालीं नुसती ठेवून दिलेली असते. गाडी ताशीं ५० च्या वेगानें कशावर आदळून थांबली, तरी पेटी थांबत नाहीं. ती ५० च्याच वेगानें पुढें बसलेल्यांच्या पाठींवर जाते. पेटीची जागा खालीं, डिकींत, पट्ट्यानें आवळून.

जी गोष्ट पेटीची तीच मागें बसलेल्या माणसाची. पट्टा ड्रायव्हरनें लावावा, मागच्यांनीं आरामांत बसावें, असा समज सुशिक्षित घरांतही दृढ आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत, सूर्या नदीच्या पुलावर प्रसिद्ध उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. गाडी उत्तम बनावटीची होती. पुढें बसलेलीं दोघें जखमी होऊनही वांचलीं. मागें बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सोबती यांनीं पट्टे लावलेले नव्हते, ते दोघे दगावले. आणि मांडीवरचें मूल? धडकेच्या क्षणीं त्याचें ओझें इतक्या पटींनीं वाढतें कीं कोणत्याही आईचे हात तें धरूं शकत नाहींत. लहान मुलाला त्याची निराळी बैठक हवी.

पावसाळ्यांत प्रश्न पाण्याचा. हुपरी पंचगंगेच्या दक्षिणेस असल्यानें पुण्याकडे जाणाऱ्यास ही नदी ओलांडावीच लागते. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावरच पाणी आलें आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. महामार्ग बुडाला म्हणजे लोक आडवाटेनें लहान पूल शोधूं लागतात, आणि खरा घात तेथें होतो. फूटभर वाहतें पाणी लहान मोटारीला तरंगवूं शकतें. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतें. वरून गढूळ दिसणाऱ्या पाण्याखालीं रस्ता आहे कीं वाहून गेला, हें कोणास सांगतां येणार? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानींतला पूल पुरांत कोसळला, आणि एस. टी. च्या दोन गाड्या इतर वाहनांसह अंधारांत नदींत गेल्या. पुढें पूल उरलेला नाहीं, हें त्या ड्रायव्हरांना दिसण्याचा संभवच नव्हता. अशा रात्रीं मुक्काम वाढविणें हाच प्रवास होय.

एक चूक अपघातानंतरची आहे, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या अपघातांत घडते. जखमी माणूस रस्त्यावर पडलेला असतो आणि गाड्या वेग कमी करून, पाहून, पुढें निघून जातात. पोलीस आपल्यालाच अडकवतील, साक्षीसाठीं खेपा घालाव्या लागतील, ही भीति पूर्वीं निराधार नव्हती. परंतु २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें यासंबंधीं नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्यें मोटार वाहन कायद्यांत १३४ अ हें कलम घालण्यांत आलें. जखमीस सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर आतां त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. पहिल्या तासांत दवाखाना गांठला तर पुष्कळ जीव वांचतात. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठीं १०३३ आणि पोलिसांसह कोणत्याही तांतडीसाठीं ११२ हे क्रमांक आहेत. बोलावतांना जागा नेमकी सांगावी. आसपास कांहींच ओळखूं येत नसेल तर रस्त्याच्या कडेच्या दगडावरील किलोमीटरचा आंकडा वाचून दाखवावा. फोन करणाऱ्यास किंवा जखमीस दवाखान्यांत पोंचविणाऱ्यास स्वतःचें नांव सांगण्याची सक्ती करतां येत नाहीं.