केबिनमध्ये पाणी येते कुठून?

पावसाळ्यात घर गळू लागले म्हणजे आपण काय करतो? जिथे थेंब पडतो तिथे पातेले ठेवतो. मग शिडी लावून वर चढतो आणि थेंबाच्या नेमके वरचे कौल बदलतो. दुसऱ्या दिवशी पाऊस येतो. थेंब पुन्हा त्याच जागी पडतो! कारण फुटके कौल तिथे नसतेच. ते असते वर, आढ्याजवळ. पाणी तिथून आत शिरते, वाशावरून ओघळत येते आणि वाशाला गाठ असेल तिथे टपकते.

जुन्या मालट्रकचे तसेच आहे. पाणी पडते एकीकडे, शिरते दुसरीकडे. एवढे एक ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले.

आपल्या गावांतून पुष्कळ लोक ट्रकवर कामाला आहेत. कुणी ड्रायव्हर आहे, कुणी क्लीनर आहे. कुणी कर्ज काढून जुनी गाडी घेतली आहे. टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीशी करार करून 1954 साली जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. आपल्याकडे एक रीत होती. कारखान्यातून नुसती चासी घ्यायची आणि केबिन गावच्या सुताराकडून, पत्रेवाल्याकडून बांधून घ्यायची. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, पत्र्याला खिळे. अशा केबिनला सांधे फार. जितके सांधे तितक्या पाण्याला वाटा. पुढे सगळी केबिन पत्र्याचीच येऊ लागली, पण तिचे रबर आणि सांधेही वयाप्रमाणे म्हातारे होतातच.

थोडे पाणी आले तर काय बिघडले, असे काहीजण म्हणतात. आम्ही पाहिलेल्या एका गाडीची हकीकत सांगतो. गाडी कांदा भरून नाशिककडून मुंबईला निघाली होती. रात्रीची वेळ, जोराचा पाऊस. कसारा घाटात उतरताना पुढचे दिवे एकदम गेले. वायपरही थांबला. ड्रायव्हर जुना माणूस, म्हणून निभावले. त्याने गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. क्लीनर पोरगा उडी मारून उतरला. त्याने चाकांखाली दगड लावले आणि तो टॉर्च घेऊन मागे उभा राहिला. दोघे तासभर तसेच भिजत होते.

दिवे का गेले? महिनाभर डॅशबोर्डाखाली पाणी ठिबकत होते. ते फ्यूजच्या पेटीवर पडत होते. फ्यूजच्या चिमट्यांवर हिरवा गंज चढला होता. त्या रात्री त्यांनी साथ सोडली.

गाडीच्या मालकाने आधी काही केले नव्हते असे नाही. टपावर दोन वेळा डांबर फासले होते. समोरच्या काचेचे रबर नवे घातले होते. पैसे गेले, पाणी राहिले. मग एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी पहिल्यांदा हत्यार हातात घेतलेच नाही. नुसते विचारले, "पाणी कधी येतं? उभ्या गाडीत येतं की चालत्या?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे. गाडी उभी असताना पाणी येत असेल तर ते वरून येते. टप, काच, दरवाजा यांतून. गाडी चालतानाच येत असेल, तेही रस्त्यावर पाणी साचलेले असताना, तर ते खालून येते. चाक पाणी उडवते आणि ते पेडलच्या भोकांतून, गंजलेल्या तळातून आत शिरते. आणखी एक खूण आहे. गाडी उतारावर तोंड खाली करून उभी केली तरच पाणी येते का? मग पाणी मागून पुढे वाहत येते आहे.

ड्रायव्हर म्हणाला, "उभ्या गाडीत येतं, दादा. पाऊस सुरू झाला की पाच-दहा मिनिटांनी येतं."

पाणी म्हणजे पाणीच आहे ना, हेही मिस्त्रींनी पाहिले. बोटावर घेऊन चोळून बघा. बुळबुळीत लागले, त्याने रंग उडत असेल, तर ते पाणी नव्हे. ते ब्रेकचे किंवा क्लचचे तेल असेल. तसे असेल तर गाडी हलवू नका. गळतीचा शोध नंतर, आधी ब्रेक. आणि थंडीत दोघे-तिघे काचा लावून केबिनमध्ये झोपले तर सकाळी टपाला आतून थेंब दिसतात. ती गळती नव्हे. तो आपल्याच श्वासाचा ओलावा आहे. काच दोन बोटे उघडी ठेवा म्हणजे झाले. (या थेंबांपायीसुद्धा लोक टपाला डांबर लावतात!)

आता शोध कसा करायचा ते पाहू. मिस्त्रींनी केले तेच सांगतो.

प्रथम बॅटरीची तार काढली. आधी वजा खुणेची, मग अधिक खुणेची. ओल्या केबिनमध्ये विजेशी खेळ नको. मग खालची चटई, गोणपाट, सीटखालचे सामान सारे बाहेर काढले. गोणपाटाखाली तळ काळा पडला होता. गोणपाट पाणी धरून ठेवते, आठ-आठ दिवस. वर कोरडे दिसते आणि खाली पत्रा कुजतो. केबिन उन्हात चांगली वाळवली. मग जिथे संशय होता तिथे आतून कोरडी रांगोळी भुरभुरली. पाणी आले की रांगोळीत ओघळ उमटतो आणि वाट दिसते.

मग क्लीनर टॉर्च घेऊन आत बसला, मिस्त्री नळी घेऊन बाहेर. पाण्याचा जोर अगदी कमी ठेवला. पुष्कळजण इथेच चुकतात. जोराचा फवारा मारला की पाणी सगळीकडून घुसते. चांगल्या रबरातूनही घुसते. मग काही कळत नाही. पाणी पावसासारखे पडू द्यावे.

आणि सुरुवात खालून करावी. वरून पाणी सोडले तर ते सगळ्याच सांध्यांवरून खाली येते, चोर कोणता ते समजत नाही. मिस्त्रींनी आधी काचेच्या खालच्या कडेला पाणी सोडले. पाच मिनिटे थांबले. "आलं का रे पोरा?" "नाही, मामा." मग काचेचा डावा कोपरा. पाच मिनिटे. नाही. उजवा कोपरा. नाही. वायपरचा दांडा पत्र्यातून बाहेर येतो ती जागा. नाही. मालक कंटाळला. पण घाई करून चालत नाही. पाणी बारीक फटीतून हळूहळू जाते, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे.

शेवटी ड्रायव्हरच्या दरवाजावरची पन्हळ आली. पन्हळ म्हणजे टपाच्या कडेची पाणी वाहून नेणारी नाली. तिथे पाणी सोडून चार मिनिटे झाली असतील. आतून पोरगा ओरडला, "मामा, आलं! खांबाच्या आतून येतंय, खाली पेटीवर!"

टप आणि पन्हळ यांच्या सांध्यात पूर्वी भरलेला मसाला वाळून तडकला होता. फट केसाएवढी होती. पाणी त्यातून पोकळ खांबात उतरत होते आणि डॅशबोर्डामागे बाहेर पडत होते. नव्या रबराचा दोष नव्हता, जुन्याचाही नव्हता.

एक भोक सापडले म्हणून थांबू नये. त्याच गाडीत आणखी एक गळती निघाली. ती दरवाजाची होती. दरवाजाची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी चौकटीवर धरा, दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. अडखळत निघाली तर रबर दाबून बसले आहे. सहज सुटली तर तिथे फट आहे. असे चौकटीभर करत जा. बहुधा रबर वाईट नसते, दरवाजाच खाली लोंबलेला असतो. आपण चढताना दरवाजाला धरून अंग वर ओढतो, त्याने बिजागऱ्या झिजतात. आधी बिजागरी ठीक करा, मग रबराला हात लावा.

दरवाजाविषयी एक गैरसमज आहे तो सांगतो. काच खाली जाते त्या फटीतून दरवाजाच्या पोटात पाणी जाणारच. ते बाहेर पडावे म्हणून दरवाजाच्या तळाला भोके ठेवलेली असतात. काहीजण ती गंजाची भोके समजून बुजवतात! मग दरवाजात पाणी साचते, हलवले की डुचमळते, आतल्या पुठ्ठ्याखालून केबिनमध्ये येते आणि दरवाजा खालून कुजतो. ती भोके तारेने मोकळी करा. काचेपुढे हवा आत घेण्याची जाळी असते, तिच्या खालची पाण्याची वाटही अशीच साफ ठेवा. कांद्याची साले, धान्य, पाने यांनी ती तुंबते.

आता दुरुस्ती. पन्हळीचा जुना मसाला मिस्त्रींनी खरवडून पूर्ण काढला. जुन्यावर नवे थापले तर ते टिकत नाही. डांबरही काढले. डांबर उन्हाने तडकते, आणि त्याच्याखाली पाणी कुठे फिरते ते दिसत नाही. मग तारेच्या ब्रशने गंज घासला, पत्रा चकचकीत केला, रेडऑक्साइड लावला आणि तो वाळू दिला. त्यावर पत्र्याच्या सांध्याचे सीलंट भरून बोटाने सारखे केले आणि वरून रंग दिला. सीलंट घेताना एक जपा. ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा आंबट वास येतो ते उघड्या पत्र्यावर लावू नका. त्यातल्या आम्लाने लोखंड गंजते. दुकानदाराला सांगा, "गाडीच्या पत्र्याचं द्या."

काचेचे रबर गळत असेल आणि ते मऊ असेल, तर बदलायची गरज नाही. रबराची कड लाकडी चपट्या काडीने उचलून आत न वाळणारे सीलंट भरता येते. रबर कडक होऊन चिरले असेल तर मात्र नवे घाला. काच काढली की चौकटीचे खालचे दोन कोपरे नीट पाहा. गंज तिथे दडतो. तो साफ न करता रबर घातले तर पैसे फुकट. काच बसवताना रबर आधी काचेभोवती चढवतात आणि रबराच्या बाहेरच्या खाचेत गुळगुळीत दोरी घालतात. एकजण बाहेरून काच दाबतो, दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर चढते. रबराला साबणाचे पाणी लावावे. तेल लावू नये, तेलाने रबर फुगते आणि सडते.

इंजिनकडच्या पत्र्यातून तारा येतात, तिथली रबरी बुचे पडली असतील तर नवी घाला. टपावर कॅरिअर, हॉर्न, दिवे लावायला जी भोके पाडली त्या प्रत्येक बोल्टखाली रबरी वायसर हवा. तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर तुकडा वेल्ड करावा लागेल. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा सोडा आणि गोणपाट, गादी, स्पंज बाहेर काढा. ठिणगीने केबिन पेटते.

सीलंट वाळायला जितका वेळ डब्यावर लिहिला असेल तितका द्या. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा डब्यावरचे वाचून घ्या. इंग्रजीत असेल तर दुकानदाराकडून समजून घ्या. मग पुन्हा नळी, पुन्हा रांगोळी, पुन्हा आत एकजण.

त्या गाडीत दुसऱ्या दिवशी पन्हळीवर पंधरा मिनिटे पाणी सोडले. पोरगा आत टॉर्च घेऊन बसला होता. मिस्त्रींनी विचारले, "आलं का रे?" आतून उत्तर आले नाही. दार उघडून पाहिले तर तो कोरड्या सीटवर झोपून गेला होता. मग फ्यूजचे चिमटे घासून पेटी पुन्हा जोडली आणि दिवे लावून पाहिले.