गुण किती पडले, आणि कशाचे पडले?



सध्या मोबाईलवर एक चाचणी गटागटांतून फिरते आहे. 'तुम्ही नार्सिसिस्ट आहात का?' असं तिचं नाव. वीस-पंचवीस प्रश्नांना हो-नाही म्हणायचं, की लगेच गुण येतात आणि खाली लाल अक्षरांत निकाल. पुष्कळजणींनी ती गंमत म्हणून भरली. पण काहीजणींच्या जिवाला घोर लागला. "मला जास्त गुण पडले. मग मला मनाचा आजार आहे का?" असं आम्हाला विचारलं गेलं, म्हणून आज याच विषयावर बोलू.

आधी शब्द समजून घेऊ. ग्रीक लोकांची एक जुनी कथा आहे. नार्सिसस नावाचा देखणा तरुण पाण्यात स्वतःचंच रूप बघून भाळला, तिथून हलेना, आणि झुरून झुरून मेला. त्याच्या नावावरून नार्सिसिझम हा शब्द आला. मराठीत आत्मकेंद्रीपणा म्हणता येईल. आपल्याकडे सरळ 'मीपणा' म्हणतात, 'मी म्हणेन ती पूर्व दिशा' म्हणतात, आणि ऐकणारीला लगेच कळतं. याला 'स्वमग्नता' मात्र म्हणू नका. तो शब्द ऑटिझमसाठी वापरतात, आणि त्या लेकरांचा या मीपणाशी काहीही संबंध नाही.

आता चाचणीकडे येऊ. अभ्यासकांची सगळ्यात गाजलेली चाचणी अमेरिकेत रास्किन आणि हॉल यांनी 1979 साली मांडली. 1988 मध्ये रास्किन आणि टेरी यांनी तिला 40 जोड्यांचं रूप दिलं. प्रत्येक जोडीत दोन वाक्यं असतात, आणि जे आपल्याला जास्त लागू पडतं ते निवडायचं. एकाचा अर्थ साधारण असा, की चारचौघांत सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे असावं. दुसऱ्याचा असा, की गर्दीत मिसळून राहिलेलं बरं. मीपणाचं वाक्य निवडलं की एक गुण. मोबाईलवरच्या बऱ्याच चाचण्या याच धाटणीच्या असतात.

खरी गोम पुढे आहे. 40 पैकी हे गुण एकाच गोष्टीचे नसतात. रास्किन आणि टेरी यांनी त्यात सात वेगवेगळे भाग सांगितले. अधिकार गाजवण्याची आवड, स्वतःच्या बळावर उभं राहणं, दिखाऊपणा, रूपाचा तोरा, आपण इतरांपेक्षा वरचढ असं वाटणं, 'मला हे मिळायलाच हवं' असा हक्क आणि दुसऱ्याला वापरून घेणं. हे सगळे एकाच टोपलीत घालून बेरीज केली, तर काय हाती लागणार?

समजा, मसाला करणाऱ्या एका गटात दोघी आहेत. पहिली बँकेत साहेबांसमोर न घाबरता बोलते, बैठक चालवायला पुढे होते, आपले निर्णय आपण घेते. दुसरी कधी माइक हातात धरत नाही. पण कर्ज आधी आपल्यालाच मिळावं, मिरच्या निवडायला दुसऱ्या बसाव्यात आणि प्रदर्शनात स्टॉलवर आपण उभं राहावं, हे ती धरूनच चालते. दोघींनी ही चाचणी भरली तर दोघींना 14-14 गुण पडू शकतात. पहिलीच्या 14 मध्ये मोठा वाटा गटाने तिला शिकवलेल्या गोष्टींचा आहे. दुसरीच्या 14 ने गट फुटतो. म्हणून आमचं म्हणणं, आकडा बाजूला ठेवा आणि गुण कशाचे पडले ते बघा. शेवटच्या दोन भागांत, म्हणजे हक्क गाजवण्यात आणि माणसं वापरण्यात पडले असतील, तर थांबून विचार करायला हवा.

आणि ज्या बाईला जन्मभर 'स्वतःचं बघू नको' असं शिकवलं, ती पहिल्यांदा घरात म्हणते, "जमिनीच्या कागदावर माझंही नाव लावा." तेव्हा तिला स्वार्थी म्हणणारे पुष्कळ भेटतात. आता त्यांच्या हातात नार्सिसिस्ट हा नवा शब्द आलाय, एवढंच. आपला वाटा मागणं म्हणजे मीपणा नव्हे.

मग आजार कशाला म्हणतात? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आपल्या यादीत याची वेगळी नोंद केली. त्यांनी नऊ लक्षणं सांगितली आहेत आणि निदान पाच तरी असावी लागतात. कायम कौतुकाची भूक, दुसऱ्याचं दुखणं मनाला न भिडणं, सतत हेवा, उद्धटपणा ही त्यातली काही. ती तरुणपणापासून असावी लागतात, घरीदारी सगळीकडे दिसावी लागतात, आणि त्यापायी माणसाचं जगणं किंवा नातीगोती बिघडलेली असावी लागतात. हे ठरवायला तज्ज्ञ समोर बसून बोलतो, मागचं सगळं विचारतो. मोबाईलवर पाच मिनिटांत ते होत नाही. 40 जोड्यांची ती चाचणीसुद्धा आजार ओळखायला केलेली नाही.

मीपणा नेहमी मोठ्या आवाजातच बोलतो असंही नाही. काहींचा गप्प असतो. वरून बाई शांत, पण जरा कुणी चूक दाखवली की महिनाभर अबोला. 'माझी किंमत कुणालाच नाही' हे मनात घोळत राहतं, आणि शेजारणीचा माल विकला गेला की घास उतरत नाही. याचेही अभ्यास झाले आहेत.

स्वतःला तपासायचंच असेल तर 'मी कशी आहे?' असं विचारू नका. त्याचं उत्तर आपण आपल्या सोयीचं देतो. गेल्या महिन्यातले प्रसंग आठवा. हिशोबाच्या वहीतली चूक कुणी दाखवली तेव्हा आपण वही बघितली, की तिच्या चुका मोजायला लागलो? गटाला शाबासकी मिळाली तेव्हा मेहनत करणारीचं नाव आपल्या तोंडून निघालं का? सून किंवा लेक काही सांगत होती, ते संपेपर्यंत ऐकलं का? शेवटची माफी कधी मागितली, आणि तिच्यात 'पण' होता का? मग हेच प्रश्न आपल्याबद्दल दुसऱ्या कुणाला तरी विचारा. ती निर्भयपणे खरं सांगू शकेल अशी हवी. सुनेने सासूला किंवा कर्ज थकलेल्या बाईने अध्यक्षाला दिलेलं उत्तर यात धरू नये.

ही चाचणी जाऊबाईच्या किंवा गटाच्या सचिवाच्या नावाने, त्यांच्या माघारी भरू नका. शिक्का मारला की बोलणं खुंटतं. वहीतले पैसे जुळत नसतील तर पैशांचं बोला. कामाची वाटणी नीट नसेल तर वाटणीचं बोला.

घरात मारहाण होत असेल, पैसे अडवले जात असतील, उठताबसता अपमान होत असेल, तर 'तो नार्सिसिस्ट आहे का?' या प्रश्नात दिवस घालवू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा छळ बघतो, छळणाऱ्याच्या स्वभावाचं नाव विचारत नाही. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडेही तक्रार देता येते.

स्वतःच्या वागण्यानं माणसं तुटत चालली आहेत असं जाणवत असेल, तर त्यावर उपाय आहे. खास या स्वभावावर गोळी नाही. समुपदेशकाशी बरेच महिने बोलत राहावं लागतं आणि बदल सावकाश होतो. सोबत उदासी किंवा झोप उडणं असेल तर त्यावर औषधं मिळतात. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन लावल्यावर आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "माझं घरच्यांशी पटत नाही, मला त्याबद्दल बोलायचंय," एवढं म्हटलं तरी पुरतं.