विहिरीवरचे जुने इंजिन



आज बहुतेक विहिरींवर विजेची मोटर बसली आहे, कुठे कुठे सौर पंपही दिसू लागला आहे. पण गोठ्याच्या मागे, खोपीत, नाहीतर कडब्याच्या गंजीआड एखादे जुने ऑइल इंजिन उभे असतेच. दोन मोठी चाके, मध्ये एकच सिलिंडर, अंगभर गंज आणि वर कोंबड्यांची वस्ती. भंगारवाला येतो, वजनावर भाव सांगतो. घरातली मुले म्हणतात, "देऊन टाका की, नुसतं पडलंय." द्यायचे की ठेवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्याआधी ते इंजिन मेले आहे की नुसते निजले आहे, एवढे तरी पाहावे. पीक ऐन भरात असताना डीपी जळाली आणि आठ दिवस वीज आली नाही, म्हणजे त्या लोखंडाची खरी किंमत कळते.

या इंजिनाचे घराणे जुने आहे. इंग्लंडात डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने 1929 साली सावकाश फिरणारे, थंडीतही हाताने चालू होणारे डिझेल इंजिन बाजारात आणले. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे, पाच-सहा घोड्यांची ताकद आणि सगळे भाग जाडजूड. त्याच घडणीची इंजिने पुढे आपल्या देशात, विशेषतः राजकोटला, फार मोठ्या संख्येने तयार झाली. आपल्या महाराष्ट्रात सातारा रोडच्या कूपरांच्या कारखान्यात 1930 च्या दशकातच डिझेल इंजिने होऊ लागली होती, आणि 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी निघाली. बैलांची मोट हळूहळू थांबली ती या इंजिनांमुळे.

आता ते चालते कसे ते पाहू. गुरुजी, मुलांना हे शिकवायचे असेल तर वर्गात सायकलचा पंप आणा. पुढचे तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि दांडा जोराने आठ-दहा वेळा खाली रेटा. नळी गरम लागेल. हवा दाबली की तापते, डिझेल इंजिनाचे सारे गुपित एवढ्यातच आहे. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो, वर येताना ती साधारण सतराव्या हिश्शात दाबतो. ती हवा इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेटतो. ठिणगी नको, प्लग नको. पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो, तो जोर चाकात साठतो, आणि पिस्टन पुन्हा वर येताना धूर बाहेर फेकतो. म्हणजे या इंजिनाला दोनच गोष्टी लागतात, पक्का दाब आणि स्वच्छ डिझेल. ते चालू होत नसेल तर या दोहोंपैकी एकात खोट आहे, असे धरून चालावे.

पहिली गोष्ट, चाक फिरते का? फिरत नसेल तर चार गडी लावून हँडलला हिसके देऊ नका. गंजाने पिस्टन लायनरला धरलेला असतो, जोर केला की रिंगा तुटतात. हेड उतरवा, पिस्टनवर डिझेल आणि तेल मिसळून ओता आणि तीन-चार दिवस सोडून द्या. रोज थोडे ओता. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका, चाक इकडून तिकडे बोटभर हलते का पाहा. एकदा हलले की सुटले. घाई करणाऱ्याला इथेच नवा लायनर घ्यावा लागतो.

चाक मोकळे असेल तर दाब तपासा. त्याआधी डिझेलचा लिव्हर बंद ठेवा, म्हणजे हात चाकावर असताना इंजिन उडायला नको. डिकंप्रेशनचा लिव्हर पाडून चाक हाताने हळू फिरवा. दाब चांगला असेल तर चाक अडते आणि उसळी घेऊन मागे येते. नुसते फुस्स करून पुढे गेले, तर हवा कुठून तरी निसटते आहे. आता कान लावा. आवाज सायलेन्सरमधून आला तर धुराचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हवेच्या फिल्टरमधून आला तर हवेचा व्हॉल्व्ह. तेल भरायच्या तोंडाशी आला तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. पाण्यात बुडबुडे आले तर हेडचे पॅकिंग गेले. पाहा, एक पाना न लावता एवढे कळते! मिस्त्रीला बोलावण्याआधी हे स्वतः केले, तर "सगळं इंजिन खोलावं लागेल" या वाक्याला आपण विचारू शकतो की बाबा, का? व्हॉल्व्ह घासून काम होणार असेल तर रिंगांचा खर्च कशाला?

आता डिझेल. वर्षभर टाकीत पडलेले डिझेल काढून टाका, टाकी धुवा. डिझेलच्या पिंपात पाणी आणि गाळ तळाशी बसतो, म्हणून पिंप एक दिवस न हलवता ठेवावा, वरचे डिझेल गाळून घ्यावे आणि तळचे दोन-तीन इंच तसेच सोडावे. पंप आणि नोझल यांतले भाग इतके चपखल घासलेले असतात की डोळ्यांना न दिसणारा कणही त्यांना पुरे होतो.

टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते आणि इंजिन बंद पडते. गावात याला 'एअर धरली' म्हणतात. ती काढायची रीत सोपी आहे. प्रथम फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळा. मग पंपावरचा. मग नोझलकडे जाणाऱ्या नळीचे नट थोडे सैल करून चाक फिरवा, डिझेल आले की आवळा. यानंतर चाक फिरवताना नोझलमध्ये 'कर्र' असा बारीक आवाज आला पाहिजे. तो आला की समजा, फवारा पडतो आहे.

इथे एक गोष्ट फार काळजीने सांगायची आहे. काही जण नोझल बाहेर काढून फवारा कसा पडतो ते पाहतात, आणि हात आडवा धरून जोर अजमावतात. हे कधीही करू नका. तो फवारा सुईसारखा कातडीतून आत जातो. बाहेर टिंबाएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसे, पण आत गेलेले डिझेल मांस सडवते, आणि बोट किंवा हात कापायची वेळ येते. असे झालेच तर मलम लावून बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेले आहे असे स्पष्ट सांगा.

इंजिन चालू झाल्यावर धुराकडे बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, फिल्टर तुंबला आहे, नोझल ठिबकते आहे, नाहीतर बोजा जास्त झाला आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर गार इंजिनात थोडा वेळ येतो, तो येतच राहिला तर दाब कमी आहे किंवा पाणी आत शिरते आहे. हवेच्या फिल्टरची आपल्याकडे फार हेळसांड होते. मळणीच्या दिवसांत इंजिन धुळीत चालते, फिल्टरच्या वाटीतल्या तेलाचा चिखल होतो, आणि कोणी शहाणा "दम घेत नाही" म्हणून फिल्टरच काढून ठेवतो! ती धूळ मग लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते.

खालचे तेल साधारण अडीचशे तासांनी बदलावे. दिवसाला पाच तास इंजिन चालले तर ते पन्नास दिवस झाले. पहिल्यांदा जुने इंजिन उघडाल तेव्हा तेलाच्या टाकीचा तळ चिंध्या न लावता, ब्रशने आणि डिझेलने धुवा. स्वस्तात ओतलेल्या काही इंजिनांत ओतकामाची वाळूसुद्धा तळाशी सापडते, आणि बेअरिंग वारंवार का जाते त्याचे उत्तर तिथे मिळते. ठक् ठक् आवाज येत असेल तर लगेच बेअरिंगवर आळ घेऊ नका. चाकाची पाचर सैल झाली तरी हुबेहूब तसाच आवाज येतो. पण सैल पाचरेवर इंजिन चालवणे म्हणजे दांडा मोडून घेणे, म्हणून ती आधी तपासा.

पाण्याविषयी एक गैरसमज आहे. इंजिन जितके गार तितके बरे, असे लोक समजतात आणि पंपाचे गार पाणी भसाभस जॅकेटमधून सोडतात. इंजिन फार गार राहिले तर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, लायनर झिजतो. बाहेर येणारे पाणी हाताला सोसवेल-न सोसवेल इतके गरम असावे, तसा कॉक लावून घ्या. उलट पाणी बंद पडून इंजिन लाल तापले असेल, तर गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाईल. बंद करा आणि आपोआप निवू द्या.

हँडल मारण्याचीही एक रीत आहे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याला विळखा घालू नये, म्हणजे उलटा झटका आला तर हात सुटतो. हँडल बसते तो दांडा घासून तेल लावलेला असावा. गंजाने हँडल अडकले आणि इंजिन चालू झाले, की ते चाकाबरोबर गरगर फिरते, आणि मग कुठे उडेल ते सांगता येत नाही. पदर, उपरणे, मफलर पट्ट्याजवळ नको. इंजिन कधी आवरेनासे होऊन पळू लागले तर डिझेल तोडा, आणि हवेचे तोंड फळीने बंद करा, हाताने नव्हे.

आणि आता विहीर. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे बाहेरची हवा ते वर ढकलते. तिचा जोर समुद्रसपाटीला सुमारे दहा मीटर पाण्याएवढा, आपल्या पठारावर त्याहून थोडा कमी, आणि गळती वगैरे धरून प्रत्यक्षात सहा-सात मीटर. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेले की लोक इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. तिथे इंजिन आतली हवा खाते आणि धूर ओकते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूच्या जागी तो रक्ताला दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पेट्रोल-रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनात तो सर्वांत जास्त, डिझेलमध्ये कमी, पण कोंडलेल्या विहिरीत कमी हा शब्द कामाचा नाही. माणूस इंजिन बंद करायला उतरतो आणि तिथेच बसतो. भाऊ त्याला काढायला उतरतो, मागून शेजारी. एका इंजिनापायी एकाच घरातली माणसे अशी गेली आहेत.

आपल्याकडे विहिरीत कंदील सोडून पाहतात. विझला तर उतरायचे नाही, हे बरोबरच आहे. पण कंदील जळत राहिला म्हणून विहीर निर्धोक, असे मुळीच नाही. ज्या हवेत माणूस मरतो त्या हवेत कंदील खुशाल जळतो, कारण कंदिलाला प्राणवायू तेवढा कळतो, हे विष कळत नाही. गुरुजी, हे मुलांना जरूर सांगा, त्यांच्यामार्फत ते घरी पोचेल. इंजिन शक्यतो वरच ठेवा आणि खोल पाण्यासाठी दुसऱ्या प्रकारचा पंप बसवा. ते खाली असेलच तर धुराची नळी विहिरीच्या काठावर आणा, पण तिच्या भरवशावर राहू नका. इंजिन चालू असताना कोणी खाली जायचे नाही. ते बंद करण्यासाठी डिझेलच्या लिव्हरला वरून ओढायची तार बांधा. बंद केल्यावरही उतरायची घाई नको, आणि उतरणाऱ्याच्या छातीला दोर व वर धरायला दोन माणसे हवीत. खाली कोणी पडला तर मागोमाग उडी घेऊ नका, दोराने ओढा, मदत बोलवा.

हंगाम संपला की इंजिन ठेवायचे कसे तेही सांगतो. जॅकेटमधले पाणी पूर्ण काढा. जुने तेल काढून नवे भरा, कारण जुन्या तेलातली आम्ले बेअरिंग खातात. टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दव धरते. डिझेलचा लिव्हर मात्र बंदच ठेवा. हवेच्या वाटेने चमचाभर तेल सोडून चाक दोन-चार वेळा हाताने फिरवा, आणि पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर आणून थांबवा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा आत जात नाही. पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा दोन फेरे द्या. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, नाहीतर चिमण्या घरटे करतात. डबा घातला आहे अशी चिठ्ठी हँडलला बांधा, आणि तिच्यावरच तेल बदलल्याची तारीखही लिहून ठेवा.